मूडलच्या नव्या आवृत्त्या आणि वैद्यांचा स्वाध्याय

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शास्त्रज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पदवी घेऊन व्यवसायात पडलेल्या वैद्याच्या वाट्याला यांपैकी पहिला उपाय थोडाबहुत येतो, दुसरा क्वचित येतो आणि तिसरा बहुधा येतच नाही. वर्धा नदीच्या काठच्या आमच्या पुलगावासारख्या गावी ही उणीव विशेष जाणवते. सकाळ-संध्याकाळ रुग्ण तपासणाऱ्या वैद्याला नागपुरातील एका दिवसाच्या चर्चासत्रासाठी शंभरावर किलोमीटरचा प्रवास करावा लागतो व त्या दिवशी दवाखाना बंद ठेवावा लागतो. वर्षातून एकदा हे जमते. दर पंधरा दिवसांनी ते जमणे शक्य नाही.

यावर उपाय म्हणून महाजालावरून चालणाऱ्या अभ्यासक्रमांकडे आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष गेले आहे. पुलगाव व देवळी परिसरातील आम्ही काही वैद्य असा स्वाध्यायवर्ग चालविण्याच्या विचारात असून त्यासाठी ‘मूडल’ या अभ्यासक्रम-व्यवस्थापन प्रणालीचा अभ्यास करीत आहोत. तिच्या नव्या आवृत्त्यांत कोणत्या सोयी आल्या, त्यांतील कोणत्या वैद्याच्या उपयोगाच्या, कोणत्या जपून वापरण्याच्या आणि प्रणाली अद्ययावत ठेवण्याचे काम कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. इतर गावच्या शाखांनाही हाच निर्णय आज ना उद्या करावा लागेल, म्हणून तपशील थोडा विस्ताराने दिला आहे.

मोजमापाची एक पट्टी

कोणतीही नवी सोय पाहताना ती कशासाठी हवी, हे आधी ठरले पाहिजे. या कामी आम्हाला भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या पदवी अभ्यासक्रमविषयक विनियमांचा आधार मिळाला. त्यांत बी.ए.एम.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी महाजालावरून शिकण्याचे ऐच्छिक विषय आहेत. प्रत्येक विषय ४५ तासांचा असून त्याचे ५ घटक आहेत. प्रत्येक घटकाचे ९ तास असे विभागले आहेत : ५ तास अध्यापन, २ तास मार्गदर्शित अध्ययन, १ तास तज्ज्ञांशी संवाद व चिंतन आणि १ तास मूल्यमापन.

ही विभागणी विद्यार्थ्यांसाठी असली तरी व्यवसायी वैद्यांनाही विचार करण्याजोगी आहे. नऊ तासांपैकी चार तास व्याख्यान ऐकण्याचे नाहीत. ते स्वतः वाचण्याचे, बोलण्याचे व स्वतःची परीक्षा करून घेण्याचे आहेत. याउलट महाजालावरील पुष्कळसे अभ्यासक्रम म्हणजे चित्रफितींची माळ आणि शेवटी प्रमाणपत्र, असे असतात. चित्रफीत दाखविण्यासाठी एवढ्या मोठ्या प्रणालीची गरजच नाही. ते काम साध्या मोबाईलवरही होते. म्हणून मूडलच्या प्रत्येक सोयीला आम्ही एकच प्रश्न विचारला : या उरलेल्या चार तासांना तिचा काय उपयोग? पुढील सर्व विवेचन याच पट्टीने केले आहे.

मूडलचा पूर्वेतिहास

मूडल ही आज्ञावली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुजियामस यांनी सुरू केली. तिची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिच्यासाठी परवानाशुल्क द्यावे लागत नाही, तिची मूळ संहिता कोणालाही पाहता येते व आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते. सर्व्हरचे भाडे, संकेतस्थळाचे नाव व देखभाल यांचा खर्च मात्र संस्थेलाच करावा लागतो. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत ती अनेक वर्षे वापरात आहे. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मूडल शिकविणारे पाठही उपलब्ध आहेत. संगणकाचा सराव नसलेल्या वैद्यांनी तेथून आरंभ करावा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आवृत्ती म्हणजे जून २००६ मधील १.६. तिच्यापासून मूडलने युनिकोडचा पूर्ण स्वीकार केला. त्यामुळे एकाच पानावर मराठी, संस्कृत श्लोक व लॅटिन वनस्पतिनामे गोंधळ न होता येऊ लागली. मार्च २००८ मध्ये आलेली १.९ ही आवृत्ती पुष्कळ काळ वापरात राहिली. नोव्हेंबर २०१० च्या २.० मध्ये अंतर्गत रचना बदलली. त्या वेळी जुन्यावरून नव्यावर जाणे अनेक संस्थांना जड गेले. हा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे अद्ययावतीकरणाचा विचार करताना त्याचा उपयोग होतो.

त्यानंतरचे मोठे टप्पे असे : नोव्हेंबर २०१९ च्या ३.८ मध्ये ‘एचफाइव्हपी’ नावाची परस्परक्रियेचे पाठ समाविष्ट करण्याची सोय मूळ प्रणालीत आली. एप्रिल २०२२ च्या ४.० मध्ये मांडणी आमूलाग्र बदलली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दीर्घ मुदतीच्या आधाराची ४.५ ही आवृत्ती आली आणि एप्रिल २०२५ मध्ये ५.०.

नव्या सोयी व त्यांचा विनियोग

१) अभ्यासक्रमाची अनुक्रमणी व उपविभाग : जुन्या मूडलमध्ये मोठा अभ्यासक्रम उघडला की एकाखाली एक लांबच लांब यादी दिसे आणि हवा तो पाठ शोधण्यात वेळ जाई. ४.० पासून डाव्या बाजूस कायम दिसणारी अनुक्रमणी मिळाली. ४.५ मध्ये विभागाच्या पोटात उपविभाग करण्याची सोय झाली. आपल्या विषयांची रचनाच मुळी स्थान, अध्याय, प्रकरण अशी आहे. ‘आमवात’ या विभागात हेतू, संप्राप्ती, लक्षणे, उपशय आणि चिकित्सा असे उपविभाग करता येतात. दोन रुग्णांच्या मधल्या पंधरा मिनिटांत वाचणाऱ्या वैद्यास ‘काल कोठे थांबलो होतो’ हे लगेच सापडावे, ही लहानशी वाटणारी सोय प्रत्यक्षात फार कामाची आहे. मार्गदर्शित अध्ययनाचे दोन तास तिच्यामुळे सुकर होतात.

२) चित्रांवर आधारित प्रश्न : द्रव्यगुणाचा अभ्यास शब्दांनी होत नाही. अशोकाच्या सालीच्या जागी आसुपालवाची, म्हणजे खोट्या अशोकाची साल बाजारात येते, हे आपण सर्व जाणतो. ब्राह्मी व मंडूकपर्णी यांच्या नावांतील घोळ तर प्रांतोप्रांती वेगळा आहे. मूडलच्या परीक्षेत चित्रावर शब्द ओढून योग्य जागी ठेवण्याचा प्रश्नप्रकार आहे. पान, फूल, साल व मूळ यांची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडून वैद्यास ओळख पटवायला सांगता येते. एचफाइव्हपीमध्ये चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारण्याचीही व्यवस्था आहे. परिसरातील वैद्यांनी आपापल्या भागात काढलेली छायाचित्रे एकत्र केली तर विदर्भातील वनस्पतींचा चांगला संग्रह तयार होईल. छायाचित्र ही पहिली पायरी आहे, हे मात्र विसरू नये. वास, चव व स्पर्श संगणक देत नाही.

३) प्रश्नसंग्रहातील आवृत्ती-नोंद : ४.० पासून प्रश्नसंग्रहातील प्रत्येक प्रश्नाच्या आवृत्त्या जपल्या जातात. प्रश्न दुरुस्त केला तरी जुने रूप नाहीसे होत नाही व पूर्वी ज्यांनी परीक्षा दिली त्यांच्या नोंदी बिघडत नाहीत. प्रश्न ‘मसुदा’ म्हणून ठेवता येतो आणि सहकाऱ्यांना त्यावर अभिप्राय लिहिता येतो. आयुर्वेदातील प्रश्नांत पाठभेद, टीकाकारांचे मतभेद व मात्रांचे भेद पदोपदी येतात. एखाद्या कल्पाची मात्रा एका ग्रंथाप्रमाणे बरोबर व दुसऱ्याप्रमाणे वेगळी असू शकते. अशा वेळी एका वैद्याने प्रश्न रचावा, दोघांनी मसुद्यावर मत द्यावे आणि नंतरच तो परीक्षेत यावा, हा क्रम आता प्रणालीतच बसविता येतो. ५.० मध्ये प्रश्नसंग्रह ठेवण्याची व्यवस्थाही बदलली आहे. म्हणून जुने प्रश्न असणाऱ्यांनी नव्या आवृत्तीवर जाताना ते कोठे गेले याची खातरजमा करावी.

४) निश्चिततेवर आधारित गुणदान : ही सोय नवी नाही, तथापि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. या पद्धतीत उत्तराबरोबर ‘मला कितपत खात्री आहे’ हेही सांगावे लागते. खात्री कमी सांगितली तर बरोबर उत्तरास १ गुण व चुकीस शून्य. मध्यम सांगितली तर बरोबर उत्तरास २ गुण व चुकीस उणे २. पूर्ण खात्री सांगितली तर बरोबर उत्तरास ३ गुण मिळतात आणि चुकीस उणे ६. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा खेळ वाटेल. वैद्याच्या दृष्टीने हे प्रत्यक्ष व्यवहाराचे चित्र आहे. शंका आली की वैद्य ग्रंथ उघडतो, ज्येष्ठांना विचारतो, रुग्णास योग्य ठिकाणी पाठवितो. शंकाच न येता चुकीचे निदान करणारा मात्र रुग्णाचे खरे नुकसान करतो. आपले अज्ञान कोठे आहे याहूनही, आपली खोटी खात्री कोठे आहे हे दाखविणारी परीक्षा व्यवसायी वैद्याला अधिक हितकर आहे. मूल्यमापनाच्या एका तासासाठी आम्ही हीच पद्धत सुचवितो.

५) आधी उत्तर, मग चर्चा : मूडलमधील चर्चेच्या सोयीत ‘प्रश्नोत्तर’ हा एक प्रकार आहे. त्यात सदस्याने स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरे त्याला दिसत नाहीत. लिहिल्यानंतरही दुरुस्तीसाठी ठेवलेला अवधी, सामान्यतः अर्धा तास, संपेपर्यंत ती झाकलेली राहतात. आमच्या मते वैद्यांच्या वर्गासाठी संपूर्ण मूडलमधील ही सर्वांत मोलाची सोय होय.

एक अभ्यासासाठी रचलेले उदाहरण घेऊ. ४२ वर्षांची शेतकरी स्त्री, सकाळी उठल्यावर हाताची बोटे व मनगटे आखडतात, सांध्यांवर सूज, अंगात बारीक ताप, जडपणा, अरुची, वेदना एका सांध्यातून दुसऱ्यात जाते. येथे आमवात म्हणावे, वातरक्त म्हणावे की संधिगत वात? हा भेद केवळ नावाचा नाही. वातरक्तात अभ्यंग, परिषेक, लेप यांना स्थान आहे. आमवाताच्या साम अवस्थेत मात्र प्रथम लंघन, दीपन व वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेद द्यावा लागतो. तेथे आरंभीच तेल चोळले तर रुग्णेची पीडा वाढते. प्रत्यक्ष सभेत असा रुग्ण मांडला की एखादे ज्येष्ठ वैद्य प्रथम बोलतात आणि उरलेले सर्व माना डोलावतात. त्यात तरुण वैद्याचा आदरभाव असतो, पण त्याची विचारशक्ती तपासली जात नाही. प्रश्नोत्तर प्रकारात प्रत्येकाला आपले निदान, त्याची कारणे व पहिल्या सात दिवसांची चिकित्सा एकट्याने लिहावी लागते. मगच इतरांचे दिसते. नंतर जी चर्चा होते ती खऱ्या अर्थाने संधाय संभाषा, म्हणजे परस्परांच्या ज्ञानवृद्धीसाठी केलेला मित्रभावाचा विचारविनिमय होते.

६) प्रत्यक्ष ऑनलाइन वर्ग : ‘बिगब्लूबटन’ ही थेट वर्ग घेण्याची सोय ४.० पासून मूळ मूडलबरोबरच येते. महिन्यातून एकदा तज्ज्ञांशी संवाद ठेवण्यास ती पुरेशी आहे. मात्र ती सोय जिच्यावर चालते तो वेगळा सर्व्हर भक्कम लागतो. लहान संस्थेने त्याचा विचार आधी करावा.

७) मोबाईलवरील उपयोजन : मूडलच्या मोबाईल उपयोजनात पाठ आधी उतरवून घेऊन नंतर संपर्काशिवाय वाचता येतात. शिक्षकाने मुभा दिली असेल तर परीक्षाही तशीच सोडविता येते व संपर्क येताच उत्तरे सर्व्हरवर जातात. अशा परीक्षेला वेळेची मर्यादा घालता येत नाही, पण स्वाध्यायात तिची गरजही नसते. ज्या गावांत वीज व मोबाईलचा संपर्क यांचा भरवसा नाही तेथे काम करणाऱ्या वैद्यास ही सोय वरदानच आहे. यासाठी पाठ लहान असावेत. एक तासाच्या चित्रफितीपेक्षा आठ-दहा मिनिटांचे सहा भाग बरे.

८) मराठी भाषा : मूडलचा मराठी भाषासंच उपलब्ध आहे, परंतु सर्व वाक्ये मराठीत आलेली नाहीत. अधूनमधून इंग्रजी दिसते. तथापि पडद्यावरील शब्द बदलण्याची मुभा व्यवस्थापकास असते. चर्चेच्या जागी ‘संभाषा’, परीक्षेच्या जागी ‘स्वपरीक्षा’ असे आपले शब्द ठेवता येतात. ज्येष्ठ वैद्यांची भीड यामुळे बरीच कमी होते. येथे एक सूचना आवश्यक आहे. आपल्याकडील जुन्या टिपणांचा मोठा भाग पूर्वीच्या मराठी टंकांत टाइप केलेला आहे. तो मजकूर मूडलमध्ये जसाच्या तसा चिकटविला तर निरर्थक अक्षरे उमटतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे व जोडाक्षरे, विशेषतः रफार आणि श्लोकांतील अवग्रह, एकदा डोळ्यांखालून घालावेत. तसेच एका शब्दाचे उत्तर टाइप करण्याच्या प्रश्नात ‘गुडूची’, ‘गुळवेल’, ‘अमृता’ हे सर्व पर्याय व ऱ्हस्व-दीर्घाचे भेद आधीच नोंदवावेत. अन्यथा बरोबर उत्तर चूक ठरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने

४.५ पासून मूडलमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेशी जोडणी करण्याची व्यवस्था आली आहे. मजकूर तयार करणे, चित्र तयार करणे, दिलेल्या पाठाचा सारांश काढणे ही कामे तिच्याकडून करून घेता येतात. व्यवस्थापकाने बाहेरच्या सेवेशी जोडणी केल्याशिवाय ही साधने चालत नाहीत आणि कोणते साधन कोणास द्यायचे हेही त्याच्याच हाती असते.

आमचे मत असे की अभ्यासक्रमाची सूचनापत्रे, वेळापत्रके यांसारख्या कामांत हे साधन वापरण्यास हरकत नाही. चिकित्सेच्या पाठांत मात्र ते बंद ठेवावे. त्याची कारणे दोन. पहिले असे की अशी साधने चुकीची गोष्टही अत्यंत सफाईने लिहितात. वत्सनाभ, भल्लातक यांसारख्या द्रव्यांची शुद्धी व मात्रा सांगताना किंवा रसौषधींच्या बाबतीत ‘बहुधा बरोबर’ या शब्दांना जागा नाही. श्लोकांचे संदर्भही ती कल्पनेने रचतात व स्थान-अध्यायाचे आकडे दिल्याने वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. दुसरे कारण असे की बाहेरच्या सेवेकडे पाठविलेला मजकूर आपल्या सर्व्हरबाहेर जातो. त्यात रुग्णाची माहिती असेल तर ती देण्याचा अधिकार आपल्याला रुग्णाने दिलेला नाही. आणि आमवाताच्या उदाहरणात जे निदान वैद्याने स्वतः विचार करून लिहायचे ते यंत्राकडून लिहवून घेतले तर संपूर्ण वर्गाचा हेतूच नष्ट होतो.

रुग्णमाहितीची गुप्तता

रुग्णकथन मांडताना नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, चेहरा दिसणारे छायाचित्र हे सर्व काढावे. लहान गावात तेवढ्यानेही भागत नाही. गाव, व्यवसाय व घराण्याचा उल्लेख आला की रुग्ण ओळखता येतो. म्हणून हे तपशीलही वगळावेत किंवा ढोबळ करावेत. छायाचित्र घेण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे ही आता केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. मूडलमध्ये पाहुण्यांचा प्रवेश बंद ठेवता येतो व रुग्णचर्चेचा विभाग विशिष्ट गटापुरता मर्यादित करता येतो. या दोन्ही गोष्टी वर्ग सुरू करण्यापूर्वीच कराव्यात.

अद्ययावतीकरण कसे व केव्हा

नव्या सोयींची चर्चा सर्व करतात, देखभालीची फारसे कोणी करीत नाही. प्रत्यक्षात मूडलची नवी मोठी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनी येते आणि मधल्या काळात दुरुस्त्यांच्या लहान आवृत्त्या येत असतात. या लहान आवृत्त्यांत पुष्कळदा सुरक्षेतील छिद्रे बुजविलेली असतात. म्हणून मोठी आवृत्ती लांबणीवर टाकली तरी चालेल, पण सुरक्षेची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. सदस्यांची माहिती व रुग्णकथने ज्या सर्व्हरवर आहेत तो उघडा राहणे म्हणजे दवाखान्याचे कपाट रस्त्यावर उघडे ठेवण्यासारखे आहे.

लहान संस्थेने दर सहा महिन्यांच्या धावपळीत पडू नये. दीर्घ मुदतीच्या आधाराची आवृत्ती निवडावी. ४.५ ही तशी असून तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. त्यानंतरच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर सावकाश जाता येईल.

आवृत्ती बदलण्याच्या कामात वाग्भटांनी सांगितलेला ऋतुसंधीचा विचार आम्हाला मार्गदर्शक वाटला. मागील ऋतूचे शेवटचे सात व पुढील ऋतूचे पहिले सात, अशा चौदा दिवसांत जुना विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने स्वीकारावा, एकदम बदल केल्यास असात्म्यजन्य विकार होतात, असा तो विचार आहे. मूडलच्या बाबतीत तो क्रम पुढीलप्रमाणे असावा :

• प्रथम तीन गोष्टींची प्रत काढून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी : विदासंग्रह, सदस्यांनी चढविलेल्या फाइलींचा साठा आणि मूडलची संहिता. यांपैकी एक जरी राहिली तरी पूर्वस्थितीवर येणे कठीण होते.

• त्या प्रतींवरून चाचणीसाठी वेगळे संकेतस्थळ उभे करावे व आवृत्तीबदल आधी तेथे करून पाहावा.

• सर्व्हरवरील पीएचपी व विदासंग्रहाची आवृत्ती नव्या मूडलला चालते का, हे तपासावे. बदल बहुधा येथेच अडतो.

• बाहेरून जोडलेली पूरके नव्या आवृत्तीसाठी तयार आहेत का, हे पाहावे. ज्या पूरकाचा कर्ता ते सांभाळणे थांबवितो ते पुढे गळ्यातील लोढणे होते. म्हणून पूरके मुळातच कमी ठेवावीत.

• चाचणीच्या संकेतस्थळावर दोन-तीन सदस्यांना, त्यांत किमान एका ज्येष्ठ वैद्यास, सात दिवस वावरू द्यावे. त्यांना न सापडलेल्या गोष्टी लिहून घ्याव्यात.

• सदस्यांस आठवडाभर आधी सूचना देऊन, कोणतीही परीक्षा चालू नसताना, देखभालीची अवस्था लावून मूळ संकेतस्थळावर बदल करावा. नंतरचे सात दिवस चौकशीसाठी एक व्यक्ती नेमावी.

या सर्व कामासाठी संस्थेत एक नव्हे तर दोन माणसे तयार असावीत. पासवर्ड व प्रती एकाच्याच हाती असल्या आणि ती व्यक्ती गाव सोडून गेली की कित्येक वर्षांचा संग्रह कुलूपबंद होतो.

मर्यादा

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माच्या सरावासाठी योग्याविधी सांगितला आहे. कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा सराव करून मगच शिष्याने प्रत्यक्ष कर्माकडे वळावे, असा त्याचा आशय आहे. अनेक शास्त्रे ऐकलेला शिष्यही योग्या केल्याशिवाय कर्मास अयोग्य मानला आहे. महाजालावरील कोणताही अभ्यासक्रम श्रवणाच्या व विचाराच्या पलीकडे जात नाही. नाडीचा स्पर्श, अग्निकर्मातील दाहाचे प्रमाण, क्षारसूत्र बदलताना हाताला जाणवणारा ताण, बस्ती देतानाची गती ही गुरूच्या शेजारी उभे राहूनच शिकावी लागतात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरुशिष्य परंपरेने शिकविण्याचा जो क्रम चालविला, त्याची गरज मूडलमुळे संपत नाही. उलट, ऐकण्या-वाचण्याचा भाग घरी उरकला गेल्यामुळे प्रत्यक्ष भेटीचा सर्व वेळ कर्माभ्यासास देता यावा, हाच तिचा उपयोग समजावा.

आणखी एक मर्यादा प्रमाणपत्राची. मूडल प्रमाणपत्र छापून देऊ शकते, परंतु त्याला मान्यता देणे हे परिषदेचे व विद्यापीठाचे काम आहे. अशा मान्यतेचे लेखी पत्र हाती नसताना कोणत्याही शाखेने सदस्यांना गुणांकाचे आश्वासन देऊ नये. आमच्या नियोजित वर्गात आम्ही प्रमाणपत्र ठेवणारच नाही. प्रमाणपत्रासाठी येणारा सदस्य चित्रफीत चालू ठेवून रुग्ण तपासू लागतो व प्रणाली त्याची हजेरी लावीत राहते, हे टाळण्याचा दुसरा मार्ग आम्हाला दिसत नाही.

उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा :

१. लहान संस्थेने मूडलची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी व सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात.

२. नऊपैकी पाच तासांचे व्याख्यान सहज उभे राहते. श्रम उरलेल्या चार तासांवर करावेत.

३. रुग्णचर्चेसाठी प्रश्नोत्तर प्रकार आणि परीक्षेसाठी निश्चिततेवर आधारित गुणदान वापरावे.

४. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चिकित्साविषयक पाठांत बंद ठेवावीत.

५. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील संकेतस्थळावर ठेवू नये.

६. प्रत्येक घटकाच्या शेवटी एक प्रत्यक्ष भेट ठेवावी व ती केवळ कर्माभ्यासासाठी असावी.

आरंभास एकच रोग, पाच रुग्णकथने व दहा-बारा सदस्य पुरेत. विदर्भात पुष्कळ आढळणारा आमवात हा विषय आम्ही त्यासाठी योजिला आहे. ज्या व्यवसायबंधूंकडे या विषयावरील स्वतः तपासलेली, ओळख वगळलेली रुग्णकथने असतील, विशेषतः ज्यांत पहिले निदान पुढे बदलावे लागले अशी, त्यांनी ती अवश्य लिहून काढावीत. बरे झालेल्या रुग्णांची कथने सर्वच सांगतात. निदान का बदलले याच्या नोंदीतून मात्र दहा जणांचे शिक्षण होते, आणि असे निदान मनमोकळेपणाने मांडता येईल अशी जागा गावोगावच्या वैद्यांना मिळवून देणे, हेच या सर्व खटाटोपाचे प्रयोजन होय.